प्रत्यारोपणाचे बिल डिस्चार्जला संपत नाही

रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याच्या मूलपेशी देऊन बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) ट्रान्सप्लांट करतात, तेव्हा रुग्ण बरा कशाने होतो? वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारा. जबर केमो देऊन आधीचा मॅरो जाळतात आणि त्या जागी नवा लावतात, असे ते सांगतील. एवढेच असते तर काम सोपे होते. केमो कितीही जबर दिली तरी ल्युकेमियाच्या काही पेशी उरतात. त्यांना हुडकून मारायचे काम पुढचे कित्येक महिने दात्याच्या पांढऱ्या पेशी करतात, मुख्यतः टी-लिम्फोसाइट (टी-पेशी) आणि एनके पेशी. मूलपेशी नवे रक्त तयार करतात. कर्करोगाशी लढते ती दात्याची प्रतिकारशक्ती. आणि ही लढाई ऐन रंगात येते तेव्हा रुग्ण घरी गेलेला असतो.

आमचे म्हणणे यातूनच निघते. सरकारी योजना, विमा कंपन्या आणि धर्मादाय न्यास प्रत्यारोपणाला शस्त्रक्रिया समजून पैसे देतात. दाखल करा, पॅकेज मंजूर करा, डिस्चार्ज द्या. दोन वर्षे चालणाऱ्या उपचाराचे पैसे असे पहिल्या चार-पाच आठवड्यांतच आटतात. प्रत्यारोपणांची संख्या वाढवण्याआधी राज्याने हे बदलावे. निधी अपुरा पडत असेल तर संख्या कमी ठेवावी, पण हाती घेतलेला रुग्ण दोन वर्षे निभवावा.

दात्याची प्रतिकारशक्ती कर्करोग मारू शकते, ही कल्पना फ्रान्सच्या जॉर्ज माथे यांनी 1960च्या दशकातच मांडली होती. पुरावा मात्र हळूहळू जमला. एकसारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो मिळालेल्या रुग्णांना जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा विकार, जवळपास होत नसे. पण त्यांचा ल्युकेमिया जास्त वेळा उलटत असे. 1980च्या दशकात जीव्हीएचडी टाळण्यासाठी दात्याच्या मॅरोतून टी-पेशी काढून टाकायची पद्धत आली. जीव्हीएचडी खरेच घटला, पण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात रोग परतण्याचे प्रमाण इतके वाढले की कमावलेले सगळे गेले. 1990 मध्ये म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांच्या गटाने प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या तीन रुग्णांना इंटरफेरॉन या औषधासोबत मूळ दात्याच्याच लिम्फोसाइट पुन्हा दिल्या, आणि रोग हटला. त्यानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही.

आज साठीच्या रुग्णालाही प्रत्यारोपण करता येते ते याच आधारावर. प्रत्यारोपणाआधीच्या पूर्ण ताकदीच्या तयारीत 12 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचे माप) आसपास रेडिएशन देतात. सिएटलच्या सौम्य पद्धतीत फ्लुडाराबिन या केमोच्या औषधाबरोबर फक्त 2 ग्रे दिले जाते. एवढ्याशा रेडिएशनने ल्युकेमिया मरत नाही. नव्या पेशींना पाय रोवायला जागा करून द्यायची आणि पुढचे त्यांच्यावर सोपवायचे, हाच त्यातला हिशेब असतो. म्हणजे तयारी जितकी सौम्य, तितके नंतरचे महिने निर्णायक.

भारतात पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. तेव्हापासून आपल्याकडे या विषयाची चर्चा 'दाता मिळेल का' याच प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न खरा होता. सख्खे भावंड एचएलएने, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांनी, पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. दोन भावंडे असली तरी ती 44 टक्क्यांच्या वर जात नाही. कुटुंबे लहान होत गेली तशी ही वाट अरुंद झाली, आणि दातानोंदणीत भारतीय वंशाचे दाते अजून कमीच आहेत. पण हाफ मॅच पद्धतीने हे चित्र पालटले. आई, वडील, मुलगा, मुलगी हे सगळे निम्मे जुळतातच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत मूलपेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचे औषध देतात, प्रत्येक दिवशी किलोमागे 50 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज 3 ग्रॅम. दात्याच्या ज्या टी-पेशी रुग्णाच्या शरीराला परके मानून भराभर विभागू लागलेल्या असतात, त्यांना हे औषध मोठा दणका देते. मूलपेशींमध्ये अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर भरपूर असल्याने त्या वाचतात. औषध जुने आणि स्वस्त आहे. पूर्ण जुळणाऱ्या दात्याच्या सौम्य प्रत्यारोपणातही ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जुन्या टॅक्रोलिमस-मेथोट्रेक्सेट जोडीपेक्षा सरस ठरल्याचे 2023 मधल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले.

पद्धत स्वस्त असली तरी ढिलाई खपवून घेत नाही. मूलपेशी दिल्यापासून सायक्लोफॉस्फमाइडचा दुसरा डोस संपून चोवीस तास होईपर्यंत स्टेरॉइड द्यायचे नाही, उलटीवर सवयीने लिहिले जाणारे डेक्सामेथासोनसुद्धा नाही. कारण टी-पेशींना आधीच गप्प केले तर त्या विभागत नाहीत आणि औषधाच्या तडाख्यातून सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप 39 अंशांच्या वर जातो, नातेवाईक घाबरतात, रात्रपाळीच्या डॉक्टरचा हात स्टेरॉइडकडे वळतो. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ नये म्हणून मेस्ना आणि भरपूर सलाईन हवे. आणि एक तपासणी खर्च वाचवायला वगळली जाते, ती म्हणजे दात्याविरुद्धच्या अँटीबॉडींची. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या रक्तात नवऱ्याकडून मुलांत आलेल्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. तिला मुलाच्या पेशी दिल्या तर त्या न रुजण्याचा धोका मोठा असतो. अशा वेळी भावाचा किंवा बहिणीचा विचार करावा लागतो, किंवा अँटीबॉडी उतरवून मगच पुढे जावे लागते.

तेव्हा दाता ही आता पहिली अडचण राहिलेली नाही. दात्याचे काम सोपेही झाले आहे. मूलपेशी मॅरोतून रक्तात आणणाऱ्या जी-सीएसएफची किलोमागे 10 मायक्रोग्रॅम इंजेक्शने चार-पाच दिवस घ्यायची, हाडे दुखतात त्यावर पॅरासिटामॉल, मग मशीनवर चार-एक तास. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे 50 लाख सीडी34 पेशी (म्हणजे मूलपेशी) मिळाल्या तर उत्तम, 20 लाख ही खालची मर्यादा. कण्यातून पाणी काढतात, पुढे मूल होत नाही, या अफवा अजून घराघरांत आहेत, त्या वेगळ्या.

अडचण सुरू होते ती घरी गेल्यावर. रुग्ण लातूरचा, गडचिरोलीचा किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीवरचा. केंद्र मुंबईत किंवा पुण्यात. तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी तळहातांवर लाल पुरळ उठते आणि पातळ जुलाब लागतात. तालुक्याचे डॉक्टर, त्यांचा दोष नाही, गॅस्ट्रो समजून अँटिबायोटिक आणि सलाईन देतात. हा जीव्हीएचडी असेल तर जुलाब मापात मोजावे लागतात. मोठ्या माणसात दिवसाला 500 मिलिलिटर ओलांडले की पहिली पायरी, एक लिटरला दुसरी, दीड लिटरच्या पुढे तिसरी. मापाचा मग आणि वही, एवढेच साधन लागते. पण ते डिस्चार्जच्या पिशवीत कोणी घालत नाही. मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे 2 मिलिग्रॅम वेळेत सुरू झाले तर बऱ्याच जणांचा आजार आवरतो. तीन दिवसांत तो वाढतच राहिला किंवा आठवडाभरात हलला नाही, तर दुसरे औषध लागते, बहुतेक वेळा रक्सोलिटिनिब. त्या घराला आठवड्याचा उशीर परवडत नाही. तिकडे रेल्वेचे आरक्षण मिळायलाच चार दिवस जातात.

टॅक्रोलिमसची पातळी साधारण मिलिलिटरला 5 ते 10 नॅनोग्रॅमदरम्यान ठेवायची असते, आणि तिला बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पावलोपावली आहेत. बुरशीवरचे व्होरिकोनाझोल सुरू केले की पातळी उसळते, म्हणून टॅक्रोलिमस एक-तृतीयांशावर आणावे लागते. व्होरिकोनाझोल बंद करताना उलट दिशेने काळजी घ्यावी लागते. क्षयरोग आपल्याकडे ठाण मांडून बसला आहे. क्षयाच्या नेहमीच्या औषधांतले रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी इतकी पाडते की आठवड्याभरात जीव्हीएचडी भडकू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमाप्रमाणे, अगदी योग्य हेतूने सुरू केलेली क्षयाची औषधे अशा रुग्णाला संकटात टाकतात. पपनसासारखे फळही पातळी वाढवते. आणि 'इम्युनिटी वाढवा' म्हणून पाजलेले काढे! ज्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम, मोजूनमापून दाबून ठेवली आहे, त्याला गुळवेल पाजायची. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. प्रत्यारोपणानंतर कावीळ झाली की ती काढ्याची, जीव्हीएचडीची की औषधांची, हे ठरवायला यकृताचा तुकडा काढायची वेळ येते.

रक्ताबाबतची चूक सगळ्यांत घातक. हिमोग्लोबिन उतरले की घरचे म्हणतात, परक्याचे कशाला, सख्ख्या भावाचे ताजे रक्त द्या. अशा रुग्णाला सख्ख्या नातेवाइकाचे रेडिएशन न दिलेले रक्त देणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. रक्तातले लिम्फोसाइट शरीरात रुजतात, आणि या प्रकारच्या जीव्हीएचडीतून क्वचितच कोणी वाचते. उपाय साधा आहे: पिशवीला 25 ग्रे रेडिएशन देऊन मगच ती चढवायची. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर त्याची जागा घेऊ शकत नाही. पण इरॅडिएटर, म्हणजे असे रेडिएशन देणारे यंत्र, असलेल्या रक्तपेढ्या मोठ्या शहरांतच आहेत. प्रत्येक महसुली विभागात असे एक यंत्र बसवायचा खर्च नव्या प्रत्यारोपण केंद्राच्या इमारतीच्या तुलनेत किरकोळ आहे. फक्त त्याची फीत कापण्यात शोभा नाही.

लसीकरण हा असाच बेवारस विषय. प्रत्यारोपणानंतर बालपणीच्या लसींची आठवण पुसली जाते, म्हणून तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापासून न्यूमोकोकल, हिब, डीपीटी, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनची पोलिओ लस पुन्हा द्यावी लागते. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतरच, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबली असतील तर. पल्स पोलिओच्या रविवारी घरातल्या लहानग्याला तोंडावाटे डोस दिला तर त्याच्या शौचातून जिवंत विषाणू बाहेर पडतो. ज्या घरात प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे तिथल्या मुलाला इंजेक्शनचीच लस द्यायची, ही एक ओळ आशाताईंपर्यंत पोहोचायला किती पैसे लागतात?

आता प्रतिकारशक्तीला मुद्दाम चेतवण्याबद्दल. रोग परतण्याची चाहूल लागली की दात्याच्या लिम्फोसाइट पुन्हा देतात. त्याला डीएलआय म्हणतात. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाच्या पेशी किलोमागे दहा लाख ते एक कोटी सीडी3 (म्हणजे टी-पेशी) पासून सुरू करतात, हाफ मॅच असेल तर एक लाखापासून, आणि काही आठवडे थांबून पाहत डोस वाढवतात. एकदम मोठा डोस दिला तर जीव्हीएचडी हाताबाहेर जातो. रुग्णाच्या शरीरातला दात्याचा मॅरो जवळपास संपलेला असेल तर रक्तपेशींचे काउंट पूर्ण कोसळतात. लिम्फोसाइट साध्या पुरत नाहीत तिथे त्यांना प्रयोगशाळेत चेतवून देण्याचे प्रयत्न झाले आहेत: जेरुसलेममध्ये शिमोन स्लाव्हिन यांनी इंटरल्युकिन-2 हे लिम्फोसाइटना चेतवणारे प्रथिन वापरून, पेनसिल्व्हेनियात टी-पेशींवरच्या सीडी3 आणि सीडी28 या खुणांवर बसणाऱ्या अँटीबॉडींचे मणी वापरून. काही रुग्णांना फायदा झाला. नेहमीच्या डीएलआयची जागा मात्र या पद्धतींनी घेतलेली नाही.

डीएलआयचे यश वेळेवर ठरते. क्रॉनिक मायलॉइडमध्ये ते चांगले चालते, कारण रोग हळू वाढतो आणि लिम्फोसाइटना काम करायला महिने मिळतात. अक्यूट ल्युकेमिया पूर्ण उलटला की ब्लास्ट (कर्करोगाच्या अपरिपक्व) पेशी दिवसागणिक वाढतात आणि डीएलआय मागे पडते. म्हणून दात्याच्या पेशींचे प्रमाण तपासणारी कायमेरिझमची चाचणी तिसाव्या, साठाव्या, शंभराव्या दिवशी आणि पुढेही ठरावीक काळाने व्हायला हवी. शंभर टक्क्यांवरून नव्वदवर घसरण दिसली की तेव्हाच हालचाल करता येते. नेमकी हीच चाचणी पॅकेज संपल्यावर रुग्णाच्या खिशातून होते, म्हणजे बहुतेक वेळा होतच नाही. हाफ मॅचमध्ये आणखी एक खाच आहे, मिलानच्या सान राफाएले रुग्णालयाने 2009 मध्ये दाखवलेली: ल्युकेमियाच्या पेशी सहाव्या गुणसूत्रावरचा न जुळणारा एचएलएचा भागच टाकून देतात आणि दात्याच्या टी-पेशींना दिसेनाशा होतात. अशा वेळी त्याच दात्याची डीएलआय फुकट जाते, वर जीव्हीएचडीचा धोका तेवढा पदरी पडतो. आधी ही तपासणी, मग डीएलआय, आणि गरज पडल्यास दुसरा दाता. मूळ संकलनाच्या दिवशीच लिम्फोसाइटच्या छोट्या पिशव्या करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या तर दात्याला पुन्हा बोलवायची वेळही येत नाही.

या सगळ्याच्या आडोशाने एक बाजार उभा आहे. 'इम्यून सेल', 'ॲक्टिव्हेटेड स्टेम सेल' अशा नावांनी स्तन, फुप्फुस, यकृत अशा गाठींच्या कर्करोगावर लाखो रुपये घेऊन पेशी टोचणारी क्लिनिके. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कोणी पैसे मागत असेल तर सीटीआरआयचा (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागावा. बाळाच्या नाळेचे रक्त खासगी बँकेत ठेवण्याच्या जाहिराती याच जातीच्या. मुलाला पुढे ल्युकेमिया झालाच तर त्याचेच नाळेतले रक्त सहसा कोणी वापरत नाही. रोगाचे पहिले बीज अनेकदा त्यातच असते, आणि स्वतःच्या पेशी स्वतःच्या ल्युकेमियाला परके मानत नाहीत.

दबावाखाली पैसे मंजूर झाले की काय होते, हे अमेरिकेने 1990च्या दशकात पाहिले आहे. स्तनाच्या कर्करोगात जबर केमो आणि स्वतःच्याच मूलपेशी, हा उपचार पुराव्याआधीच लोकप्रिय झाला. न्यायालयांनी विमा कंपन्यांना दंड ठोठावले, हजारो स्त्रिया त्यातून गेल्या. चाचण्यांचे निकाल आले तेव्हा फायदा दिसला नाही; उठून दिसणारा एकमेव चांगला निकाल जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांचा होता, आणि तो 2000 मध्ये बनावट निघाला. त्यात परक्या प्रतिकारशक्तीची लढाई नव्हतीच. मल्टिपल मायलोमात (मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) स्वतःच्या पेशींचे प्रत्यारोपण उपयोगी पडते, कारण तिथे मेल्फालन हे केमोचे औषधच काम करते. तो हिशेब वेगळा आणि खर्चही कितीतरी कमी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, आणि 2025 मध्ये राज्याने बोन मॅरो प्रत्यारोपणासारख्या खर्चिक उपचारांसाठी त्यापलीकडचा राखीव निधी ठेवायचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण तोही ठोक पॅकेजच्या चौकटीत अडकला तर पेरणीचे पैसे देऊन राखणीचे विसरल्यासारखे होईल. योजनेत पाठपुराव्याचे तत्त्व नवे नाही. 996 उपचारांच्या जुन्या यादीत 121 पाठपुरावा पॅकेजेस होतीच. प्रत्यारोपणासाठी तसेच एक करावे, दोन वर्षांचे. मंजूर रकमेचा तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढून तो टप्प्याटप्प्याने सुटावा: शंभर दिवसांपर्यंत आठवड्याला सीएमव्ही पीसीआर (सीएमव्ही विषाणूची रक्तचाचणी) आणि औषधांची पातळी, मग कायमेरिझम, तीन महिन्यांनी एकदा फुप्फुसांची स्पायरोमेट्री, लसी, आणि लागल्यास रक्सोलिटिनिब व डीएलआय. स्पायरोमेट्रीचा आग्रह यासाठी की जीव्हीएचडीने श्वासनलिका आवळू लागतात तेव्हा रुग्णाला दम लागायच्या आधी आकडे घसरतात, आणि गेलेले फुप्फुस परत येत नाही. शंभर दिवस केंद्राजवळ राहायच्या खोलीचे भाडेही यातच धरावे. ते वैद्यकीय बिल नाही म्हणून नाकारले जाते, आणि मग रुग्ण चाळिसाव्या दिवशी गावी जातो.

यावर आक्षेप येईल तो रास्त आहे. एका प्रत्यारोपणाच्या पैशात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शेकडो तपासण्या होतात. मग आधीच महागडा उपचार आणखी महाग का करायचा? आम्ही त्या तुलनेपासून पळत नाही. सार्वजनिक पैसा मर्यादित असेल तर रोग आटोक्यात असलेले, एमआरडी निगेटिव्ह झालेले, म्हणजे सूक्ष्म चाचणीतही कर्करोगाच्या पेशी न सापडलेले रुग्ण आधी घ्यावेत. रोग उफाळलेला असताना शेवटचा प्रयत्न म्हणून केलेल्या प्रत्यारोपणांत यश फार कमी येते, आणि कुटुंबाला तसे स्पष्ट सांगायची हिंमत डॉक्टरांनी दाखवावी. हे ऐकायला कठोर आहे. पण अर्ध्यावर सोडलेले प्रत्यारोपण हाच सगळ्यांत महागडा उपचार: सगळा खर्च झालेला असतो आणि रुग्ण सहाव्या महिन्यात न्यूमोनियाने जातो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगावर सोडतात) ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशी किमतीच्या दहाव्या हिश्श्यात तो मिळतो म्हणून कौतुक झाले, तेही योग्यच. त्यातही पेशी टोचल्यानंतर महिनोन्‌महिने इम्युनोग्लोब्युलिन आणि संसर्गांवरचे उपचार लागतात, म्हणजे पॅकेज ठरवताना हीच चूक पुन्हा होऊ शकते. म्हणून एक अट आत्ताच घालावी. राज्याच्या निधीतून प्रत्यारोपण किंवा कार-टी करणाऱ्या प्रत्येक केंद्राने दरवर्षी तीन आकडे योजनेच्या संकेतस्थळावर टाकावेत: किती रुग्ण केले, त्यातले शंभराव्या दिवशी किती हयात होते, आणि दोन वर्षांनी किती. रोगाचा प्रकार आणि दाता पूर्ण जुळणारा की हाफ मॅच, हे वेगळे दाखवून. नाहीतर अवघड रुग्ण घेणारी केंद्रे विनाकारण बदनाम होतील. ज्या केंद्राकडे तिसरा आकडाच नसेल, त्याचा पुढचा हप्ता तो मिळेपर्यंत रोखावा.